जिन्यातल्या खिडकीत दोन फोन

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर खुर्च्यांना आणि कोचांना नवं कापड चढवणारे एक काका राहतात. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव आहे, पण ते कुणाच्या तोंडी नाही. लग्नानंतर लवकरच काकूंनी त्यांना 'उसवे' म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. हा माणूस शिवतो कमी आणि उसवतो जास्त, असं काकूंचं म्हणणं. गिऱ्हाईक सांगतं, नुसतं वरचं कापड बदला. काका मान डोलावतात आणि गिऱ्हाईक वळलं की खुर्ची पार तळापर्यंत उघडतात. आत काथ्या आहे की घोड्याचे केस, स्प्रिंगा कुणी कशा बांधल्यात, आधीच्या कारागिराने कुठे अंग चोरलंय, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

माझी त्यांची ओळख अशा उसवण्यातूनच झाली. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका जुन्या कोचाच्या बैठकीत काकांना एकदा दात सापडला. तो रुमालात गुंडाळून ते वर आले आणि दारातूनच विचारलं, "हा खरा का खोटा?" खोटा होता. मग वरचा का खालचा, बाईचा का बाप्याचा, चावताना पडला असेल का शिंकताना. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. उरलेलं ते कोचाच्या मालकालाच विचारून आले आणि मालक नंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

काकांचे कान कधी गेले ते कुणाला नीट सांगता येत नाही. काम करताना त्यांच्या तोंडात नेहमी बारीक चुका, म्हणजे चपट्या डोक्याचे ते छोटे खिळे. एकेक चूक ओठांतून काढायची आणि हातोडीने बसवायची. त्यामुळे दिवसभर ते बोलत नसत आणि कुणी त्यांच्याशी बोलायलाही जात नसे. कुणी आलंच तर काकू मध्ये उभ्या राहून त्यांच्या कानाजवळ सगळं पुन्हा सांगायच्या. या पद्धतीने घर आणि धंदा दोन्ही बिनबोभाट चालले होते. मग एका दवाखान्याच्या खुर्च्या आल्या तेव्हा काकू नेमक्या बाहेर गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले निळं, काकांनी ऐकलं पिवळं. दवाखान्यात एका सकाळी हळदीसारख्या पिवळ्याजर्द खुर्च्यांची रांग येऊन बसली. डॉक्टर भले होते, त्यांनी ठेवून घेतल्या. पण ही गोष्ट काका-काकूंच्या परदेशात असलेल्या मुलीच्या कानावर गेली आणि तिने आपल्या वडिलांसाठी कानात घालायची दोन यंत्रं पाठवून दिली.

यंत्रं घातली आणि काकांना ऐकू यायला लागलं, पण सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. कप ठेवला तरी त्यांना दचकायला व्हायचं. ती यंत्रं माणसाच्या कानाप्रमाणे जुळवून घ्यावी लागतात, आणि ते काम कान तपासणाऱ्या बाई लांबूनच, फोनमधल्या एका अ‍ॅपमधून करणार होत्या. काकांकडे मुलीचाच जुना फोन होता. त्यांनी अ‍ॅप उघडलं तर त्याने सांगितलं, तुमच्या फोनची सिस्टीम जुनी आहे, आधी ती अपडेट करा. अपडेट करायला गेले तर फोन म्हणाला, आधी वाय-फायला जोडा. आणि आमच्या गल्लीत वाय-फायची तार आलेलीच नाही. कंपनी म्हणते रस्ता खणायची परवानगी नाही, ज्यांनी परवानगी द्यायची ते म्हणतात अर्जच आलेला नाही.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" काकू म्हणाल्या. "द्या ठेवून डब्यात. मी आहे की सांगायला."

काका वर माझ्याकडे आले. फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"या अपडेटमध्ये असतं काय?"

मी म्हटलं, "दुरुस्त्या असतात, काका. नवीन गोष्टी असतात."

"कसल्या दुरुस्त्या? काय मोडलं होतं?"

"ते मला नाही माहीत."

"तू तुझ्या फोनमध्ये करतेस ना?"

"बटण दाबते."

"बटण दाबणं म्हणजे खुर्चीवर बसणं झालं," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की मला माहीत असेल.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि गंमत म्हणजे मलाही कुतूहल वाटायला लागलं. आम्ही दोघं त्या फोनच्या मागे लागलो. सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर डाउनलोड करण्याचा पर्याय कुठे मिळतो का ते पाहिलं. काही फोनांत तो असतो, यात नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या फोनवर भरपूर डेटा पडून आहे आणि माझा फोन हॉटस्पॉट होऊ शकतो.

"तुझ्याकडे वाय-फाय आहे?" काकांनी विचारलं.

"नाही. पण माझा फोन मोबाइलच्या टॉवरकडून डेटा घेईल आणि तुमच्या फोनला वाय-फायसारखा देईल."

"म्हणजे माझ्या फोनला फसवायचं."

"फसवायचं नाही. जवळच्या जवळ तो वाय-फायच असतो. फक्त मागे तार नसते."

 काकांनी बोटाने टेबलावर रेघ काढली, एका टोकाला थांबले, परत आले. मग म्हणाले, "लांबचं माणूस बोलतं ते मला कळत नाही. ती जवळ उभी राहून तेच सांगते, मग कळतं. तुझा फोन म्हणजे आमची ही."

मी आजवर ऐकलेल्यांत हॉटस्पॉट इतक्या सोप्या शब्दांत कुणी समजावून सांगितला नव्हता.

पण गाडी लगेच सुटायची नव्हती. फोनमध्ये जागाच शिल्लक नव्हती. मुलीच्या घरचे दोन-चार फोटो सोडले तर सगळा फोन खुर्च्यांच्या पोटांनी भरला होता. सुटलेल्या स्प्रिंगा, कुजलेलं गोणपाट, कुणाच्या तरी हाताची पन्नास वर्षांपूर्वीची गाठ. यातले थोडे पुसून टाकूया का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडून दिला. ते स्वतः बाजारात जाऊन मेमरी कार्ड घेऊन आले आणि आम्ही सगळे फोटो त्यात हलवले. हलवता हलवता त्यांनी मला पुष्कळशा फोटोंची हकीकतही सांगितली, त्यामुळे त्यात माझी रविवारची सगळी सकाळ गेली.

मग रेंजचा प्रश्न. कारखान्याच्या भिंती जाड, तिथे माझा फोन मुका होतो. माझ्या खोलीत रेंज येते आणि जाते. सगळ्यात चांगली रेंज जिन्यातल्या खिडकीत. म्हणून तिथल्या कट्ट्यावर माझा आणि त्यांचा फोन शेजारी शेजारी मांडले. काकांचा फोन चार्जरला लावायला माझ्या खोलीतून लांब वायर ओढली. काकांनी खालून स्टूल आणलं आणि ते आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसले.

अपडेट उतरायला लागलं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. जिन्याने जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबायचा. दुसऱ्या मजल्यावरचा रंगारी शिडी खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि त्याने आपला फोन कधीच अपडेट न केल्याचं अभिमानाने सांगितलं. काकांनी त्याला विचारलं, "मग आत काय बिघडलंय ते तुला कळतं कसं?" रंगारी म्हणाला, बिघडलेलं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, आणि शिडी सांभाळत वर गेला.

अर्ध्यावर असताना मला प्रयोगशाळेतून फोन आला. मी बोलत होते तोवर पट्टी जागची हलली नाही. काकांचा चेहरा उतरला.

"तुटलं?"

"थांबलं असेल."

"आता पुन्हा पहिल्यापासून?"

मला तेही ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला. पट्टी थोडा वेळ तशीच राहिली आणि मग जिथे थांबली होती तिथूनच पुढे सरकली. काकांना त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला. "आधीचं उसवत नाही," ते म्हणाले. "उरलं तेवढंच शिवतो. चांगला कारागीर आहे."

डाउनलोड संपलं, फोनने परवानगी मागितली, काकांनी बोट टेकवलं आणि पडदा काळा झाला. काकू चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि काकांच्या कानाजवळ वाकून म्हणाल्या, "गेला का?"

"आत काम चाललंय," काका म्हणाले. त्यांनी तळहात फोनवर ठेवून पाहिला. "गरम आहे. हात लावून बघ."

काकूंनी हात लावला. मग मीही लावला. आम्ही तिघं त्या गरम काळ्या फोनभोवती चहा पीत बसलो.

फोन उठला तेव्हा काका जरा हिरमुसले. चित्रं तीच, घड्याळ तेच. एक-दोन बटणांचे कोपरे तेवढे गोल झाले होते. "कापड तर तेच की," ते म्हणाले. पण अ‍ॅप मुकाट्याने उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी कान तपासणाऱ्या बाईंनी लांबून एकेक आवाज वर-खाली करत यंत्रं जुळवून दिली. पत्र्याचा डबा गेला. संध्याकाळी मी खाली डोकावले तर काका एक चूक हातोडीने बसवत होते, थांबत होते, परत दुसरी बसवत होते. "लाकडाप्रमाणे आवाज वेगळा येतो," त्यांनी मला सांगितलं. "हे मी विसरूनच गेलो होतो."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं मला काकूंनी सांगितलं आणि थोडं काकांनी.

काकांना नीट ऐकू येत नसल्याने काकूंना एक सवय लागली होती. त्या दिवसभर बोलायच्या. भाजी चिरताना, केर काढताना, अगदी काकांच्या समोर बसूनसुद्धा. कामाचं असेल ते कानाजवळ जाऊन, बाकीचं असंच. मुलीची काळजी, माहेरच्या आठवणी, शेजारणीचा राग, सगळं त्यात यायचं आणि काकांच्या नावाने खडे फोडणंही यायचं. यंत्रं आली हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या वर्षांची जीभ एका दिवसात कशी वळणार? आणि काकांनी पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि काही बोलले नाहीत. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

काकू जेवायच्या टेबलाशी ज्या खुर्चीवर बसत, तिची एक स्प्रिंग वर आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. यंत्रं जुळल्याच्या दुसऱ्या दुपारी बसता बसता त्या पुटपुटल्या, "टोच बाबा, टोच. या घरात तुझं तरी माझ्याकडे लक्ष आहे."

त्याच्या पुढच्या दिवशी बाजारातून आल्या तर खुर्ची उलटी, तिची आतडी जमिनीवर, आणि काका तोंडात चुका धरून तिच्यावर वाकलेले. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"माझं पुटपुटणंही कधीपासून ऐकू येतंय?"

काकांनी चुका हातावर काढून घेतल्या. "परवापासून."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू बोलत होतीस ना."

काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस नाही. म्हणजे भांडण नव्हतं. जेवण झालं का, वायर कुठे ठेवली, एवढं चालायचं. पण ते बाकीचं बंद झालं. मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, त्यांचा राग नाही आला. पण मला एक खोली होती आणि आता तिचं दार उघडं राहिलंय असं वाटतं."

काकांनाही ते टोचत होतं. ते माझ्याकडे आले आणि अपडेट काढून जुनी सिस्टीम परत घालता येते का, असं विचारलं. मी म्हटलं, काका, त्याने काय होणार? यंत्रं जुळलेलीच राहतील. ते म्हणाले, "हो, तेही खरंच," आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या कामाला बसताना त्यांनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवायला सुरुवात केली. डबी खिशात नाही, समोरच्या फळीवर, झाकण उघडं, स्वयंपाकघरातून स्पष्ट दिसेल अशी. काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. काकू तीन-चार दिवस नुसत्या बघत होत्या. मग एकदा मी घरमालकाला भाडं कधी द्यायचं ते विचारायला खाली गेले तर हातोडी चालू होती आणि आतून काकूंचा आवाजही चालू होता, लांबलचक, मध्येच हसणारा. मी बाहेरूनच परत फिरले.

परवा चहाला गेले होते तेव्हा यंत्रं काकांच्या कानात होती. ते काकूंना म्हणाले, "दुपारी बराच वेळ बोलत होतीस. ओठ हलताना दिसले. काय गं?"

काकूंनी कपात साखर घालून बराच वेळ ढवळली. "सगळं नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

"नको सगळं."

मग त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीचं एक सांगायला सुरुवात केली, ती लहानपणी घरातून पळून जाऊन दिवसभर शेजारच्यांच्या कपाटात लपली होती ते. काकांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. कपाट किती मोठं होतं, दार आतून ओढून घ्यायला काय होतं, तिला भूक नाही का लागली, असे त्यांचे प्रश्न सुरू झाले. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, जरा पुढे तर जाऊ द्या," आणि पुढे सांगू लागल्या.