म्हातारीचं जाड तेल

दादाला मी शेवटची भेटले ती पालघरच्या दवाखान्यात. दुपारची पेज आली होती. त्याने चमचा बाजूला ठेवला, पेजेचा थेंब अंगठ्यात आणि बोटात धरला, बोटं हळूच लांब केली आणि तार तुटलेली बघून म्हणाला, "पातळ हाय." नर्सबाई हसल्या. मला नवल वाटलं नाही. माझ्या लग्नातल्या बासुंदीचीही त्याने अशीच परीक्षा घेतली होती. मग डोळे मिटून म्हणाला, "मनीला सांग, म्हातारीला नुसती उभी ठेवू नको..." पुढच्याच आठवड्यात मनीचा फोन आला. "आत्या, बाबा गेले."

म्हातारी म्हणजे आमच्या वडिलांची जुनी, गोल पाठीची हिरवी गाडी. दादा उमरोळीचा बागायतदार, चिकूत आयुष्य गेलं, पण गावाला तो माहीत गाडीमुळे. तिला जाड तेल लागायचं, मधासारखं. सकाळी इंजिन चालू केलं की हा लगेच निघायचा नाही. तळातलं तेल वर चढायला हवं, दाबाचा काटा उठायला हवा, तोवर चहा. लग्नाला निघालेली आम्ही बायकामंडळी आत घामाघूम, आणि हा ओटीवर बशीत फुंकर घालतोय. मुहूर्त टळेल म्हटलं तर म्हणायचा, "कोरडी पळवली तर झिजते गं ती." मला इतका राग यायचा की काय सांगू.

मनी त्याची एकुलती एक. तारापूरच्या कारखान्यात नोकरी, कुंभवलीला घर. तिने स्वतःच्या पगारातून नवी गाडी घेतली आणि बापाला दाखवायला आणली. जेवून ती जरा आडवी झाली, तेवढ्यात दादाने इंजिनातली तेलाची पट्टी ओढून बोट लावलं. तेल पाण्यासारखं निसटलं. पोरीला कुणीतरी फसवलंय असं याने ठरवूनच टाकलं. सगळं तेल काढलं आणि आपल्याजवळचं जाड तेल मायेने ओतलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गाडी जड चालायला लागली, समोर पिवळा दिवा पेटला. संध्याकाळी मनी तणतणत आली.

"बाबा, मला विचारलं का नाय?"

"झोपली होतीस. म्हटलं, झोपू दे."

"माझ्या गाडीला परत हात लावू नका."

दादा मग एकटाच बोईसरच्या गॅरेजात जाऊन सगळं समजून घेऊन आला आणि मला सांगितलं, "नव्या इंजिनातल्या फटी केसाएवढ्या बारीक. तिथं पातळ तेलच पटकन पोचतं. आपली म्हातारी झिजलीय, तिच्या फटी मोठ्या. तिच्यात पातळ घातलं तर ते टिकतच नाय." हे मनीला मात्र तो कधी बोलला नाही. त्यानंतर ती आली की तिची गाडी अंगणात आणि हा ओटीवर. काच पुसायलासुद्धा उठला नाही. बापलेकीचं बोलणं व्हायचं, पण मोजकंच... मला ते फार लागायचं.

दिवसकार्य झाल्यावर मनीने म्हातारी चालू करायचं मनावर घेतलं. काळं पडलेलं तेल काढलं, तर दादाचा डबा रिकामा. बोईसरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतना गाढ़ा अब कौन लेता है?" चार दुकानं फिरून ती हात हलवत परत आली आणि पायरीवर बसून रडली. बाबांनी एकच गोष्ट सांगितली, तीही मला जमत नाही, म्हणाली.

त्या रविवारी दातिवऱ्याची हिरूबाय दारात आली. सुकी मासळी विकायला ती वर्षानुवर्षं यायची. या वेळी टोपलीबरोबर तेलाचा डबाही होता. बोटीच्या इंजिनाचं जाड तेल दादा तिच्याकडून घ्यायचा आणि बदल्यात चिकू द्यायचा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"भाऊ गेला ते आमाला कालच कळला," ती खाली टेकत म्हणाली. "त्याच्यासाठी ठेवलेला डबा दुसऱ्या कुनाला देऊ?" मग मनीकडे बघत म्हणाली, "तूच ना ती नव्या गाडीवाली? 'माझी चूक झाली, पन पोरीला कसा सांगू,' असा भाऊ बोलायचा. दर खेपेला तेच."

डबा उघडून मनीने तेलाचा थेंब अंगठ्यात आणि बोटात धरला, बोटं लांब केली. तार तुटली नाही. तेल भरून तिने किल्ली फिरवली. म्हातारी दोनदा खोकली आणि धूर सोडत चालू झाली. हिरूबायला दातिवऱ्याला सोडायचं ठरलं होतं. मी टोपली मागे ठेवली, गाडीचं दार लावून घेतलं आणि सवयीने म्हटलं, "चल आता, ऊन चढतंय."

मनी इंजिन चालू ठेवून खाली उतरली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"आत्या, तेल वर चढू दे," ती म्हणाली. "मी चहा टाकते."