तुतीला नेसवलेली साडी

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या घरातल्या सगळ्यांच्या जिभा तपासल्या. आजारी कुणीच नव्हतं. चोर शोधायचा होता.

आमची वरकुट्याला डाळिंबाची बाग आहे. घरामागे हौदाजवळ तुतीचं एक झाड आहे. आमचे मालक बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातात, त्यांनी येताना मोटारसायकलला बांधून त्याचं रोप आणलेलं. ते पहिल्यांदाच असं लगडलं, आणि मी लगेच निमगाव केतकीला वन्संना फोन लावला. कारण दिवाळीत त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “वैनी, तुमच्या हातनं कोथिंबीरसुदिक उगवत न्हाय.” (ती कोंबडीने खाल्ली होती! पण ऐकतंय कोण?)

“रविवारी या. वाटी भरून घरची तुती देते,” मी म्हणाले.

“बघू की,” वन्सं म्हणाल्या. त्या ‘बघू की’मध्ये कोथिंबीर परत आली होती.

आता ही वाटी भरणं भाग होतं. पण बुलबुलांना आमच्या आधी पत्ता लागला. त्यावर उपाय आम्हा डाळिंबवाल्यांना पाठ असतो. ऊन आणि पाखरं लागू नयेत म्हणून झाडांना जुन्या साड्या गुंडाळायच्या. उन्हाळ्यात आमची बाग म्हणजे बायका हळदीकुंकवाला रांगेत उभ्या राहिल्यासारखी दिसते! जुन्या साड्या सगळ्या बागेत गेल्या होत्या, म्हणून कपाटातली एक गडद जांभळी काढली. तुतीला चापूनचोपून नेसवली, खाली बुंध्याशी सुतळीने आवळली आणि आत डोकावायला डोळ्यासमोर एक फट ठेवून तिला पिन लावली. मुंगीसुद्धा शिरणार नाही, असं काम.

सकाळी फटीतून पाहिलं, तर तुती लालबुंद. उद्या काळ्या होतील, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कालच्या गायब, आणि नव्याच लाल! काळी औषधालाही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. पाखरू आत जात नाही, पिन जागच्या जागी. मग खातंय कोण?

तुती लपत नाही, जिभेवर रंग सोडते. मी सासऱ्यांपासून सुरुवात केली. त्यांना साखर आहे, म्हणजे संशय आधी तिथेच.

“आबा, जीभ दाखवा.”

“का गं? डाक्तर झालीस व्हय?”

“दाखवा तर.”

जिभेवर चहा होता, तुती नव्हती. “तुझ्या सुतळीच्या गाठी सोडवायच्या म्हंजी मला दुसरा जन्म घ्याया लागंल,” आबा म्हणाले.

संध्याकाळी मालक दारात आले. “जीभ!” मी म्हणाले.

“अगं, चप्पल तरी काढू दे!”

स्वच्छ.

मला त्या झाडाचा नादच लागला. तव्यावर भाकरी आणि डोळा मागच्या दाराला. भाकरी करपू लागल्या, चोर येईना. बुंध्यावरून मुंग्या मात्र रांगेने वर जात होत्या. तुती हेच लोक उचलून नेत असतील का? शेजारी पाट टाकून बसले आणि खाली उतरणारी एकेक मुंगी तपासली. सगळ्या रिकाम्या हाताने!

रविवारी वन्सं आल्या. “कुठं हाय वाटी?”

“थांबा, ताजी तोडून आणते,” मी म्हणाले. फांद्यांच्या टोकाला तरी चार काळ्या मिळतील, एवढीच आशा होती. वन्सं मागोमाग आल्या आणि झाडासमोर थबकल्या.

“वैनी, ही साडी मी दिवाळीत दिलेली न्हाय का?”

“तीच,” मी म्हणाले. “या रंगाला पाखरं भितात.”

हे तोंडातून गेल्यावर थांबायची सोय नव्हती. मी घाईने खाली बसले, मान वर केली आणि सुतळी ओढली. आठवडाभराची तुती माझ्या अंगावर आली! काळी, पिचलेली, आंबलेली, मुंग्यांसकट.

डाळिंब पिकलं तरी कात्री लावल्याशिवाय फांदी सोडत नाही. तुती मात्र पिकली की आपली आपण गळते. खाली कापड अंथरायचं आणि फांदी हलवायची, एवढंच काम. मी कापड अंथरलंच होतं की, फक्त झाडाला बांधून! आणि रोज फटीतून वरच पाहत होते. साडीच्या निऱ्यांत काय साचतंय, ते त्या जांभळ्या रंगात दिसायलाही तयार नव्हतं.

वन्सं हसून हसून हौदाच्या कठड्यावर बसल्या. “वाटी कशाला वो, घागर हाय की!” मग उठून त्यांनी पदर पसरला आणि फांदी हलवली. पाच-सहा ताज्या, काळ्या तुती पदरात पडल्या. एक त्यांनी तोंडात टाकली, आणि लगेच दुसरी उचलली.

“गोड हायत की, वैनी!”

म्हणजे मी जिंकले होते. बघणाऱ्याला ते पटलं नसतं, एवढंच.

आरडाओरडा ऐकून आबा काठी टेकत आले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“चोर घावला व्हय, सूनबाई? जीभ दाखव.”

मी ओठ घट्ट मिटले. पडता पडता एक तुती आपण होऊन तोंडात गेली होती, आणि पुढच्या चार मी स्वतः टाकल्या होत्या. जीभ मी शेवटपर्यंत दाखवली नाही. तिचीच तेवढी अब्रू झाकलेली राहिली. बाकी मी केसांपासून टाचांपर्यंत जांभळीच होते!