महाराजांचा खोकला

महाराजांच्या नाकाबद्दल बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाईंना ते ठाऊक करून घ्यायची मुळीच हौस नव्हती. पोटासाठी माणसाला काय काय ऐकावं लागतं, त्यातलंच ते.

महाराज म्हणजे जगात नाव असलेले पियानोवादक. 'महाराज' हे नाव रेकॉर्डिंग कंपनीतल्या लोकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर सगळे 'सर, सर' करत शेपटी हलवायचे. बाई त्याच कंपनीत टेप कापायच्या. महाराज एकच रचना चार-पाच वेळा वाजवत. त्यातला उत्तम तेवढा भाग निवडायचा, टेपला ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीने असा जोडायचा की जोड कुणाच्या कानाला लागू नये. हे काम स्वच्छ होतं. त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती दुसऱ्या कामाची. वाजवताना महाराज नाक ओढत. साधंसुधं नव्हे, पार घशापर्यंत. नाक वाहणाऱ्या पोराने असं केलं तर आई दोन धपाटे घालील. वर मिटक्या मारत, मधूनच घोगरं गुणगुणत, आणि संथ सुरावटीत तोंडात जमलेली लाळ घटकन गिळत. मायक्रोफोन बिचारा इमानी प्राणी, जे कानावर पडेल ते मुकाट टिपून ठेवणार. ही सगळी घाण उपसायची बाईंनी. शांत जागी फुर्र झालं की तेवढा तुकडा कापायचा आणि तिथे सभागृहाची नुसती शांतता जोडायची. ही शांतता रोज काम सुरू होण्याआधी वेगळी टेपवर घेऊन ठेवलेली असे, कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि एकीची दुसरीला चालत नाही.

लोक रेकॉर्ड विकत घेत, दिवे मंद करून ऐकत आणि म्हणत, 'काय निर्मळ वाजवतो हो हा माणूस!' बाईंना हसावं की ओकावं कळत नसे. निर्मळपणा बाईंच्या ब्लेडचा होता, आणि आदल्या दिवशी ऐकलेलं ते गिळणं दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांच्याच घशाशी यायचं.

या कामाने कान असे नासले की घरीदारी कुणाचं तोंड वाजलेलं त्यांना खपेना. त्यांचं एक लग्न जुळत आलं होतं. गृहस्थ चांगला होता, कमावता होता, पण चहाचा असा काही भुरका मारला त्याने की बाई कप खाली ठेवून उठल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. भाऊ म्हणाला, "अगं, बशीने पितो म्हणून काय माणूस नाकारतात का?" बाई म्हणाल्या, "तू कर मग त्याच्याशी लग्न."

एकच आवाज त्यांना चालायचा. आईचा खोकला.

आई सूतगिरणीत पिंजण्याच्या खात्यात होती. आयुष्यभर कापसाचे तंतू छातीत साठवले, त्याचा तो खोकला. आधी एक कोरडा, मग जरा थांबून एक ओला. बाई लहान असताना संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की दोघी-तिघी मैत्रिणी आपापल्या घरी पळायच्या आणि बाई पसारा आवरायला घ्यायच्या. आई आली. आता चूल पेटेल, दिवा लागेल, अभ्यास झाला का म्हणून कान पिळला जाईल. त्या खोकल्याची किळस वाटावी असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी बाई चष्मा घरी विसरल्या होत्या. चष्म्याशिवाय टेपवरची खडूची खूण दिसत नसे. तो घेऊन आई चालत सभागृहापर्यंत आली. दारावरच्या माणसाने 'मागच्या खुर्चीवर बसा, मधे उठू नका' म्हणून आत सोडलं, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. महाराज वाजवू लागले. संथ, उदास अशी ती रचना, आणि त्या दिवशी ते खरोखर चांगले वाजवत होते. हे कबूल करायला बाईंना कष्ट पडत, पण खोटं त्या बोलत नसत. अगदी शेवटी एक लांब विराम होता. नंतर एकच सूर. त्या विरामात मागच्या रांगेतून खोकला आला. एक कोरडा. जरा थांबून एक ओला.

महाराजांनी शेवटचा सूर वाजवला, तो विरेपर्यंत थांबले आणि मग उठून ओरडले, "हे जनावर आत कुणी सोडलं?"

काचेपलीकडच्या खोलीत बाई आणि मॅनेजर यंत्रांपाशी बसले होते. बाईंच्या समोर एक बटण असे. ते दाबून बोललं की आवाज सभागृहातल्या स्पीकरवर जायचा. 'सर, पुन्हा सुरू करू या' हे सांगण्यासाठी त्यांनी ते दाबलं होतं आणि बोट तसंच राहिलं होतं.

मॅनेजरने विचारलं, "कोण हो ती म्हातारी? तुमच्यापैकी कुणाची आहे का?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "झाडणारी असेल."

असेल, असेल, असं सभागृहभर घुमलं. काचेतून बाईंना दिसलं: आई उठली, चष्मा खुर्चीवर नीट ठेवला, आणि पदर तोंडावर दाबून बाहेर गेली. महाराजांनी पाठोपाठ खिडक्या उघडायला लावल्या. रोगजंतू असतात म्हणे. आणि स्वतः फुर्र करून नाक ओढलं.

बाईंनी त्याच दिवशी तो खोकला कापला आणि त्या जागी शांतता जोडली. जोड इतका बेमालूम झाला की मॅनेजरने पाठ थोपटली. संध्याकाळी घरी गेल्यावर आई काय बोलेल म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आईने जेवायला वाढलं. समोर बसली आणि म्हणाली, "तुझा तो माणूस नाक किती ओढतो गं. त्याला आई नाही का?"

त्यापुढे त्या विषयावर ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंना मग कधीकधी महाराजांच्या नाकापेक्षा स्वतःच्याच तोंडाची शिसारी येई.

आई गेली. बाई निवृत्त झाल्या. पुढे महाराजही गेले, आणि मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. जिवंतपणी ज्यांना त्यांनी दारात उभं केलं नव्हतं, ते आठवणी सांगू लागले आणि पाठीमागचं 'महाराज' हे नाव आता आदराने उघड घेऊ लागले. गोडवा इतका की ऐकताना दात किडावेत. आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की महाराजांचे ते आवाज, ते श्वास, ते गुणगुणणं, हाच खरा महाराजांचा आत्मा. कंपनीने तो कापून टाकला.

जुन्या मॅनेजरचा मुलगा आता मॅनेजर होता. तो बाईंच्या घरी आला. "बाई, कापलेलं सगळं पुन्हा जोडायचंय. तुकडे तुम्ही डब्यात ठेवायचात ना? ते तसेच आहेत. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"सगळं?"

"सगळं. एक श्वाससुद्धा सुटता कामा नये."

शहाण्या माणसाने दार लावून घेतलं असतं. पण 'सगळं' या शब्दापाशी बाई अडकल्या. त्या गेल्या. आयुष्यभर जी घाण उपसली ती पुन्हा चमच्याचमच्याने आत भरत बसल्या. हे नाक इथलं, ही लाळ तिथली. दुपारचं जेवण जाईना. रिकाम्या पोटी नाकं जोडत होत्या, ती फक्त त्या एका रचनेसाठी. डब्याच्या तळाशी हातभर लांबीचा तो तुकडा होता. त्यांनी तो विरामात परत बसवला. जिला जनावर म्हणून हाकललं, ती आता त्याच्याच रेकॉर्डमध्ये मानाने बसणार होती. ज्या तोंडाने ओळख नाकारली होती त्याने भरपाई होणार नव्हती. हाताने तरी व्हावी.

रेकॉर्ड निघण्याआधी कंपनीने चार जाणत्या लोकांना ऐकायला बोलावलं. बाई कोपऱ्यात बसल्या. पहिलं फुर्र झालं आणि पुढच्या रांगेतल्या एका टीकाकारांनी डोळे मिटून मान हलवली. "अहाहा!" ते पुटपुटले. शेंबडाला अहाहा! बाईंनी नाकाला रुमाल लावला.

मग ती रचना आली. विराम आला. खोकला. एक कोरडा, जरा थांबून एक ओला. गल्लीच्या तोंडाशी कुणी तरी आल्यासारखं वाटून बाई खुर्चीत सावरून बसल्या.

टीकाकार हुंदका देऊन उठले. "ऐकलंत? छाती पोखरली होती हो त्यांची! कुणाला कळू दिलं नाही. आणि किती दूरचा आवाज आहे बघा. पियानोला त्रास नको म्हणून तोंड फिरवून खोकले! आणि मग तो सूर! या खोकल्यावाचून तो सूर अपुरा आहे."

सगळ्यांच्या माना हलल्या. एका बाईसाहेबांनी डोळे टिपले. मॅनेजर तर हरखून गेला. "वेष्टनावरच छापू या. 'महाराजांच्या अखेरच्या खोकल्यासह.'"

बाई उभ्या राहिल्या. "तो त्यांचा नाही. माझ्या आईचा आहे. गिरणीत होती ती. त्या दिवशी मागे बसली होती, आणि याच माणसाने तिला हाकललं."

टीकाकार मऊ आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं."

मॅनेजरने त्यांना हलकेच बाजूला नेलं. "बाई, असेलही. पण कुणाला सांगू नका ना. लोक किती भारावलेत बघा. तुमच्या आईला तरी त्याचा काय उपयोग आता?"

बाईंना वाटलं, याच्या कोऱ्या बुटांवर थुंकावं. हाकलायचं तेव्हा जनावर, रडायचं तेव्हा महाराज! तिची गिरणी, तिचे तंतू, तिची छाती, आणि मालक हा शेंबड्या. "शेवटचं एकदा तपासून देते," एवढं म्हणाल्या आणि खाली आपल्या खोलीत गेल्या.

टेप यंत्रावर होती. रेकॉर्डच्या छपाईसाठी प्रत अजून निघायची होती. त्यांनी चष्मा लावला, खडूने खूण केली, ब्लेड उचललं. तोच तुकडा, त्याच जागी. मोकळ्या जागी सभागृहाची शांतता जोडली, बेमालूम. महाराजांची नाकं सगळी राहू दिली. एकही काढलं नाही. तुकडा बोटाभोवती गुंडाळला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि त्या चालत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. आवाज चढलेला. "बाई, त्या विरामात काहीच नाहीये! खोकला कुठं गेला?"

"आईचा होता," बाई म्हणाल्या. "घरी आणला."