भोंग्यातला भीमराज

कोल्हारच्या बाजारात भीमराजनं भोंग्यातून नुसतं "ऐका" म्हटलं, की मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालणाऱ्या बायाही गप व्हायच्या. हे काम किती अवघड, ते ज्यानं बाजार केलाय त्याला विचारा. साड्यांचा सेल असो, पोलिओचा डोस असो, नाहीतर कुणाच्या निधनाची वार्ता, रिक्षात बसून माईकवर सांगायला माणूस एकच. दुकानात गिऱ्हाईक मालाचं नावही घ्यायचं नाही. "भीमराज सांगत हुता ती पावडर द्या," एवढंच म्हणायचं. टीव्हीवर नटून-थटून बाया त्याच पावडरीनं कपडे धुवायच्या, पण विश्वास भीमराजवर. त्याला याचा गर्व होता, आणि का नसावा?

त्र्याण्णव साली त्याच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं, त्यावर तो पातळ फडकं बांधायचा. ओठ हलायचे, आवाज शून्य. सांगायचं ते पाटीवर लिहून. त्याची मुलगी दीपा तेव्हा दहा महिन्यांची होती. ती कळती झाली तीच मुक्या बापाच्या घरात, आणि त्या फडक्याला इतकी भ्यायची, की त्याच्या हातचा घासही घ्यायची नाही.

दोन वर्षांनी, एका टळटळीत दुपारी भीमराज ओट्यावर बसला होता, आणि रस्त्यावरून त्याचाच आवाज चालत आला.

"ऐका हो ऐका! आता आपल्यात आला आहे मोहोर छाप चहा!"

भीमराज ताडकन उठून उभा राहिला. हा चहा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याचा आवाज गेला तेव्हा हा चहा बाजारात निघालाही नव्हता. आणि त्यातला तो एक शब्द, 'आपल्यात', बाकीच्या हसऱ्या शब्दांमध्ये रडवेला. त्या शब्दाला रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थबकली, एकमेकांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दुकानाकडे वळली.

त्याची बायको मुक्ता घरातून धावत बाहेर आली. दोन वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. बिचारीचं भानच सुटलं. तिनं लेकीला कडेवर उचललं आणि टेम्पोच्या टपावरचा भोंगा दाखवला. "ऐक गं दीपे, तुझं बाबा बोलत्यात!"

तिथंच सगळं बिघडलं. पोरीनं आपला बाप पाहून ठेवला, तो त्या भोंग्यात.

दुसऱ्या दिवशी भीमराज एस.टी.नं नगरला गेला. तिथं मार्तंड कुलकर्ण्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान, आणि बाहेरगावी वाजवायला म्हणून भीमराजच्या आवाजात केलेल्या सगळ्या कॅसेटी तिथंच भरलेल्या. मार्तंडरावांनी काही लपवलं नाही. उलट मोठ्या हौसेनं दाखवलं. "टेपचे दोन डेक जोडलेत बघ. तुझ्या सतरा कॅसेटी आहेत, त्यातून शब्द वेचायचे. 'मोहोर' आंब्याच्या रोपांच्या जाहिरातीतला. 'चहा' त्या हॉटेलच्या उद्घाटनातला."

भीमराजनं पाटीवर लिहिलं, 'आपल्यात?'

मार्तंडराव जरा घुटमळले. "तो निधनाच्या वार्तेतला. 'आता आपल्यात नाहीत' होतं, त्यातलं 'नाहीत' तेवढं कापलं. पण अरे, त्याच शब्दावर चहा खपतोय! कंपनीनं नवा माणूस लावून पाहिला, पाकीट हलेना."

'बंद करा,' भीमराजनं लिहिलं.

"आता कसं करणार, भीमराज? शंभर कॅसेटी वाटून झाल्या. या घडीला तू कर्जतला बोलतोयस."

मेलेल्या माणसाच्या वार्तेतला शब्द तोडून चहा विकायचा, आणि वर शाबासकी मागायची! भीमराजला भयंकर संताप आला. पण संतापायलाही आवाज लागतो. तो पाटी काखेत मारून परत आला.

पुढं दर आठवड्याला टेम्पो येत राहिला आणि दीपा दारात उभी राहून भोंग्याशी बोलू लागली. मग एका बाजारी ती टेम्पोच्या मागं चालत गेली, आणि हरवली. मुक्ता कामावर गेली होती. भीमराज एकटा गर्दीत शोधत सुटला. त्याला पोरीला हाक मारता येत नव्हती, आणि डोक्यावरून त्याचाच आवाज साऱ्या बाजाराला हाका मारत होता.

शेवटी ती दिसली. उभ्या टेम्पोच्या फळीवर चढून, तोंड वर करून, भोंग्याकडं बघत होती. भीमराजनं धावत जाऊन आधी भोंग्याची वायर उपटली.

दीपानं वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली. "ह्यानं माझ्या बाबाला मारलं!"

टेम्पोवाला गोरक्ष खाली उतरला. तो भीमराजला पहिल्यापासून ओळखत होता. पोरीकडं एकदा, बापाकडं एकदा पाहून त्यानं हळूच विचारलं, "भीमदादा, जोडू का परत?"

भीमराजनं होकार दिला आणि तो लेकीसमोर फळीवर बसला. वायर जोडली गेली, आवाज उसळला, आणि त्याबरोबर भीमराजचे ओठ हलू लागले. इतके दिवस दुरून ऐकून ती कॅसेट त्याला पाठ झाली होती. पोरीचं रडं थांबलं. तिनं भोंग्याकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. मग तिनं, कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्याला हात लावला. इवलासा तळवा त्याच्या तोंडावर घट्ट दाबला.

गोरक्षनं वायर काढली. बाजार मुका झाला.

तिनं तळवा उचलला. गोरक्षनं वायर जोडली.

"बाबा!" ती खुदकन हसली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली.

भीमराजचे डोळे वाहू लागले. त्याला तिचं नाव घ्यायचं होतं, एकदाच. पण त्या कॅसेटीत दीपा कुठंच नव्हती, आणि ओठ थांबवायची त्याची छाती होईना. थांबला असता तर ती उतरून गेली असती. म्हणून रडत रडत तो तिला पाकिटाचा भाव सांगत राहिला, एकावर एक फुकट आहे म्हणून सांगत राहिला, आणि 'आपल्यात' आलं की पोर त्याला अधिकच बिलगत होती.