मुक्या सिनेमाची दंडार

आमच्या दिघोरीत सिनेमा आला तो मुका होऊन. मी तेव्हा चौथीत असेन. सरकारी गाडी शाळेच्या पटांगणात थांबली, पडदा ताणला, जनरेटर धडधडू लागलं, आणि भोंग्यातून साधी खरखरसुद्धा निघेना. ऑपरेटरनं तारा हलवल्या, यंत्राला चापट्या मारल्या, मग हात टेकले. सिनेमा कार्टूनचा, त्यात गाणीच गाणी. पुस्तकांचं दुकान बंद झालं की पुस्तकांतली माणसं बाहेर येतात आणि धिंगाणा घालतात, अशी गोष्ट. आवाजाशिवाय त्यात काही राम नाही, असं म्हणून तो सामान आवरायला लागला.

माझा काका गावच्या दंडारीत ढोलकी वाजवायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, आणि त्यातल्या गड्यांना गाण्यासाठी निमित्तच हवं असायचं. काकानं ऑपरेटरला सांगितलं, चित्रं तुझी, पेटी-ढोलकी आमची, लाव.

माझ्या शेजारी काकू बसली होती. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ती चिखलात वाकून गायला लागली की पलीकडच्या धानाच्या बांधीतल्या बायाही गप्प होऊन ऐकायच्या. पण शेतात ढोलकी नसते. एकदा तरी ढोलकीवर गायचं, एवढीच तिची हौस, आणि ढोलकी तर घरातच खुंटीला टांगलेली. काकाचं म्हणणं ठरलेलं, "बायायनं बांधीत गावं, मांडवात नाही." मला त्याचा असा राग यायचा की त्याच्या चहात मीठ घालावंसं वाटे.

सिनेमा सुरू झाला. पण गणाशिवाय दंडार कशी सुरू करणार? मंडळींनी डोळे मिटून गणपतीला आळवायला घेतलं, तेही सगळ्या कडव्यांसकट. गणपती थांबला असता, रीळ कशाला थांबतं? डोळे उघडले तोवर पुस्तकांतली निम्मी माणसं बाहेर येऊन नाचत होती आणि लांडग्यानं एका पोरीला पोत्यात कोंबलं होतं. गणाच्या आधी पात्रं आलीच कशी, म्हणून पेटीवाल्यानं ऑपरेटरला झापलं. बिचाऱ्यानं रीळ उलटं फिरवलं, तेही दिवा चालू ठेवून. पोरगी पोत्यातून निघाली, लांडगा उलटा धावत पुस्तकात शिरला, जाडा राजा ढुंगणाकडून आपल्या पानात जाऊन बसला. लोक हसून लोळले. माझ्या मते अख्ख्या सिनेमात तोच भाग उत्तम होता.

दुसऱ्या खेपेला गाडी रुळावर आली. लांडगा "कायले पळून राहिली वं पोरी" करत धावला. राजा खरं तर रडत होता, पण आमच्या मंडळींना तो हसतोय असं वाटलं, त्यामुळे बिचारा डोळे पुसत पुसत वरातीचं गाणं गायला.

मग एका जाड पुस्तकातून फ्रॉकवाली राणी उतरली आणि तिनं तोंड उघडलं. दंडारीत बाईचं काम करणारा गडी दाढ सुजल्यामुळे गालाला मफलर बांधून बसला होता. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. ढोलकी नुसती वाजत राहिली, राणीच्या तोंडाची नुसती उघडझाप.

आणि माझ्या कानाजवळून रोवण्याचं गाणं निघालं. अंधारात कोण गातंय ते कुणाला दिसत नव्हतं. गोरी राणी महालात उभी राहून चिखल, धानाच्या रोपांचे पऱ्हे आणि दुखणारी कंबर गात होती. आधी लोक खो खो हसले, मग हळूहळू गप्प झाले. ढोलकी त्या आवाजाला बरोबर धरून चालली होती. काकूनं डोळे मिटून घेतले होते. राणी पुस्तकात गेली, दुकान उघडलं, रीळ संपलं, काकूला पत्ताच नाही. कोऱ्या पडद्याचा उजेड आमच्यावर पडला आणि गाणारी कोण ते सगळ्या गावाला दिसलं.

पेटी थांबली. काकाचे हातही ढोलकीवर थांबले. काकूनं डोळे उघडले आणि गाणं अर्ध्यावरच तोडलं.

काकानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पेटीवाल्यावर खेकसला, "पेटी काहून थांबवली बे? कडवं बाकी हाये ना." आणि त्यानं ढोलकीवर थाप मारली.