प्रमिलाबद्दल मी जे सांगत आले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला सांगतेय, कारण आता गिळून गिळून घशाशी आलंय. फक्त मध्ये बोलू नकोस. एकदा थांबले तर परत सुरू करायची नाही मी.

माझा धंदा तुला माहितीये. उकडीचे मोदक, नाहूरला भाड्याचा गाळा, गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नाही. बचत गटाच्या बायका मला बोलावतात, कधी मुलुंडला, कधी बोरिवलीला — ताई, तुम्ही कशा उभ्या राहिलात ते सांगा ना. मी सांगते. बोलण्यात मला कोण हरवणार? बाप गिरणीत, आई मालवणची, एका शेगडीवर सुरुवात, सगळं रंगवून सांगते. आणि मग तो किस्सा येतो. धंद्यात एकाच माणसाच्या हातावर विसंबू नका, माझी एक बाई ऐन गणपतीत मला टाकून गेली, मी रडले, पण उभी राहिले. इथे टाळ्या पडतातच.

त्या किश्शाबद्दलच बोलायचंय. पण एकदम तिथे जाता येत नाहीये मला.

ती बाई म्हणजे प्रमिला. प्रमिला कांबळे, राहायला भांडुपला, माहेर लातूरकडचं. माझ्याकडे कामाला आली तेव्हा उकड म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, आम्ही बौद्ध, ताई, आमच्यात गणपती नसतो, मोदक कुठून येणार? मी म्हटलं, मोदकाला काय कळतंय कोण वळतंय ते! बघ, तोंडाने किती शूर. आठ दिवसांत ती शिकली, आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा सरस झाली. पातळ पारी, एकवीस कळ्या, एक मोदक फुटेल तर शपथ. मला अठराच्या वर कधी जमल्या नाहीत. जळले का मी? जळले थोडी. पण खूष जास्त झाले, कारण ऑर्डरी वाढल्या त्या तिच्यामुळे.

मग फोनवर चौकशा सुरू झाल्या. नैवेद्याचे आहेत हो, करतं कोण? घरचंच माणूस ना? — सरळ कुणी विचारत नाही, आपल्याकडे ते आडनावातून काढून घेतात. मी म्हणायचे, माझी वहिनी करते. पहिल्यांदा प्रमिला खो खो हसली. म्हणाली, तुमच्या भावाशी माझं लग्न लावलंत ताई, माझ्या नवऱ्याला तरी सांगा! दुसऱ्यांदा ती हसली नाही. मी ते पाहिलं. पाहिलं आणि पुढचा फोन घेतला.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलुंडच्या एक काकू स्वतः गाळ्यावर आल्या. एकावन्न मोदक न्यायचे होते. प्रमिलाचे हात बघून भारावल्याच. काय कळ्या पाडतेस गं, म्हणाल्या, आडनाव काय तुझं? प्रमिलाने पदराला हात पुसले, मान वर केली. ती सांगणार होती. अगदी सहज, कुणीही सांगतं तसं. आणि मी मधेच बोलले —

"परब. माझी वहिनी."

काकू म्हणाल्या, "तरीच! घरचा हात लगेच कळतो हो."

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर मी तोंड वाजवलं असतं, मला ते येतं. ती चिडली नाही. खाली मान घालून पुढची पारी हातात घेतली. आणि मी? मी काकूंना डबा बांधून दिला. कुणाला घाबरले होते गं मी — त्या एका बाईला?

आता ऐक. प्रमिला मला टाकून गेली नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत तिने एक दिवस खाडा केला नाही. शेवटची ऑर्डर गेल्यावर मोदकपात्र घासलं, ओटा पुसला, आणि म्हणाली, "परब चांगलंच आडनाव आहे, ताई. पण मला माझं आहे." आणि गेली.

लोक विचारायला लागले, प्रमिला कुठे? खरं सांगितलं असतं तर माझंच थोबाड दिसलं असतं. म्हणून म्हटलं, ऐन गणपतीत सोडून गेली. एकदा म्हटलं, मग दहादा म्हटलं. पुढे पुढे तर तिच्या नावाने डोळ्यांत पाणीही यायला लागलं — खरं पाणी! आणि हे एवढ्यावरच थांबलं नाही. घाटकोपरच्या एका कॅटरिंगवाल्याचा फोन आला. ती त्याच्याकडे काम मागायला गेली होती, माझं नाव तिने विश्वासाने दिलं होतं. कशी आहे बाई? मी म्हटलं, हात सोन्याचा, पण भरवसा नाही. एवढंच. हे मी केलं. ठरवून केलं की तोंडातून निघून गेलं, असं विचारू नकोस. केलं.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात पुढे बसलेली मुलगी माझा तो किस्सा वहीत उतरवून घेत होती. खाली रेघ मारली तिने. दुसऱ्या दिवशी मी पत्ता काढून भांडुपला प्रमिलाकडे गेले.

तिने ओळखलं लगेच. अगं बाई, ताई! म्हणत खुर्ची पुसली. सासूला ओरडून सांगितलं, बघा कोण आलंय, ह्यांनीच मला मोदक शिकवले. केस पिकलेत तिचे. एका शाळेत पोळ्या लाटते. बोलता बोलता म्हणाली, घाटकोपरला एका ठिकाणी काम अगदी नक्की झालं होतं हो, पगार बरा होता, मुलीला कॉलेजला घातलं असतं. हात बघून खूष होते ते, मग काय झालं कोण जाणे. माझंच नशीब.

मी म्हटलं, असतं एकेकाचं.

तिने चहात आणखी साखर घालू का विचारलं. निघताना रिक्षापर्यंत सोडायला आली, आणि तिथे विचारलं, "ताई, काही काम होतं का?"

"नाही गं, सहजच."

सहज नव्हते गेले. तिची माफी मागायला गेले होते. चहा पिऊन आले.