काळं म्हणजे हवा

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आयुष्यभर इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढत आले. खिडकी नसलेली खोली, भिंतीला टेकवलेलं यंत्र, खुंटीवर शिशाचा जड एप्रन आणि कोपऱ्यात फिल्म बघायची दुधी काचेची दिवापेटी. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ्यात कॅमेरा. डोंगर, पाणी, माळरान, ढग एवढंच काढायचे. माणसं नाहीत. माणसं आतून पुरेशी बघून झाली, असं म्हणायचे.

फोटो वाईट नसायचे. पण ते काढायला घराबाहेर पडायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि ताई आम्हाला ताटं मांडीवर घेऊन जेवायला बसवायची. ऊन कुठून येईल, ढग किती असतील, वारा पडेल का, चंद्र आडवा येईल का, याचा खल चालायचा आणि शेवटी बेत पुढे ढकलला जायचा. पाठीमागे आम्ही त्यांना 'आराखडा' म्हणायचो. ताईसुद्धा म्हणायची, हसून. माझं गॅरेज आहे. आमच्या धंद्यात बिघाड दिसला की हात घालायचा असतो, म्हणून मला या माणसाचा फार राग यायचा.

त्यांच्या आराखड्यांतलं सगळ्यांत जुनं होतं ते डोंगरापलीकडच्या दरीतलं तळं. उन्हाळा सरता सरता तिथली काठावरची झाडं पिवळीधमक होतात. अगदी चार दिवस ती पानं टिकतात आणि झडून जातात. नेमके तेच दिवस वणव्यांचे. लग्न झाल्यापासून दाजी ताईला त्या तळ्यावर नेणार होते. एका वर्षी धूर, एका वर्षी पाऊस, एका वर्षी पाण्यावर लाटा असतील म्हणून राहिलं. ताईने आधी हट्ट केला, मग चेष्टा केली, मग विषय काढायचं सोडून दिलं.

वसंतात तिला खोकला लागला. एक्स-रे दाजींनीच काढला. फिल्म दिवापेटीवर लावल्याबरोबर त्यांना समजलं. नंतर मला त्यांनी समजावलं होतं, तेही एखाद्या शाळेतल्या पोराला समजवावं तसं. निरोगी फुप्फुस काळंभोर दिसतं, कारण आत हवा असते. पांढरं दिसलं की तिथे हवा नाही. काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे आजार. ताईच्या छातीत डाव्या बाजूला पांढरं बरंच होतं. जन्मात कधी विडी ओढली नाही की चुलीपुढे बसली नाही, तिच्या वाट्याला हे आलं. औषधं झाली, सुया झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी एक दिवस सरळ सांगितलं की या थंडी काढतील असं वाटत नाही, काय मनात असेल ते करून घ्या.

मनात काय होतं ते ताईने त्याच संध्याकाळी सांगितलं. "मला फोटो नको. मला तळं बघायचंय."

आता तरी हा माणूस उठेल असं मला वाटलं. उठला तो नकाशा आणायला. पण तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही, कारण वणवे पेटले होते आणि अर्ध्या फुप्फुसाच्या बाईला धुरात नेणं म्हणजे तिला हाताने मारणं. धुराचा नकाशा रोज संगणकावर यायचा. पातळ धूर पिवळा, दाट धूर जांभळा, स्वच्छ जागा कोरी. इस्पितळात दाजी दुपारी जेवण सोडून तेच बघत बसायचे. डोंगराला वळसा घालून दोन रस्ते तळ्याकडे जात, एक समुद्राच्या अंगाने आणि एक दरीतून. आज हा मोकळा, उद्या तो. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ताई त्यातून रोज कपडे काढायची, घालायची, धुवायची आणि परत भरायची. तिकडे झाडं पिवळी पडायला लागली होती.

शेवटी मी माझी व्हॅन काढली आणि दारात उभी केली. म्हटलं, उद्या सकाळी निघायचं, कुठल्या रस्त्याने ते तुम्ही सांगा, पण निघायचं. दाजी हो म्हणाले. त्या रात्रीत वारा फिरला, म्हणून आदल्या दिवशीचं चित्र उपयोगाचं नव्हतं. डोंगरात फोनला रेंज नसते. तेव्हा दाजींनी इस्पितळाच्या ऑफिसातल्या बाईंना फोन करून सकाळचा नकाशा छापून ठेवायला सांगितलं. वाटेत फाटकाशी गाडी थांबवली, बाईंनी कागद आणून खिडकीतून दिला. रंगाची शाई संपली होती, छपाई काळी-पांढरी होती. त्यात काही बिघडलं असं कुणालाच वाटलं नाही.

दाजींनी तो कागद गाडीच्या काचेवर उजेडासमोर धरला. सवयच ती. डोळे बारीक करून वरून खाली बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. असा खुललेला मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. म्हणाले, समुद्राकडचा रस्ता नको, तिकडे सगळं पांढरं आहे, दरी अगदी स्वच्छ आहे. मी स्टिअरिंगचा माणूस, नकाशा त्यांचा. मी गाडी दरीकडे वळवली.

ताई पुढे माझ्याशेजारी बसली होती. गाणी लावायला लावली, माझ्या वेगाला नावं ठेवली, दाजींना मागे वळून विचारलं की कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आणलात की घरीच विसरलात. घाटाच्या पायथ्याच्या पंपावर मी टायरमध्ये हवा भरत होतो आणि दाजी पाण्याच्या बाटल्या आणायला गेले होते. ती गाडीतच बसून राहिली. पुढे वर चढलो तसं धूसर दिसायला लागलं. दाजी म्हणाले, दरीत सकाळचं धुकं असतंच, ऊन वर आलं की जाईल. ऊन वर आलं, पण तांबडं. मी काचा बंद केल्या तरी जळक्या लाकडाचा वास आत आला. मी वेग कमी केला तेव्हा ताईने माझ्या दंडावर हात ठेवला आणि चल म्हणाली.

तळं आलं ते पाटीवरून समजलं. पुढे सगळं राखाडी होतं. झाडं पिवळी होती की नव्हती, देव जाणे. ताई माझ्या हाताला धरून काठापर्यंत गेली, चपला काढल्या, पाय पाण्यात घातले आणि खोकायला लागली. तो खोकला काही थांबेना. मी वळून दाजींना हाक मारली. ते गाडीपाशी हातात कागद घेऊन उभे होते. कागद उजेडासमोर नव्हता, साधा हातात धरलेला होता. त्या कागदावर काळं म्हणजे धूर होता आणि पांढरं म्हणजे मोकळी हवा, हे त्यांना तेव्हा समजलं. मग ते खालीच बसले.

खालच्या गावातल्या इस्पितळात ताईला ठेवलं. दाजी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आत यायला धजत नसत. यायचे तेव्हा पायाशी उभे राहायचे. एकदा ते बाहेर असताना ताईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. पंपावरच्या माणसाने काचेवर टकटक करून सांगितलं होतं म्हणे, की दरीत जाऊ नका, कालपासून सगळा धूर तिकडे उतरलाय.

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस.

"बोलले असते तर यांनी गाडी वळवली असती," ती म्हणाली. "मला आता परत ती बॅग भरायची नव्हती रे. त्यांना सांगू नकोस."

तिथून ती घरी आली नाही.

महिनाभर मी दाजींकडे फिरकलो नाही. ताईच्या मरणाचा दोष मी मनात त्यांच्या माथी मारून मोकळा झालो होतो, आणि तिने सांगितलेलं तसंच गिळून बसलो होतो. मग एका दुपारी तेच गॅरेजवर आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकून दुसऱ्याच काजात गेलेलं. जुन्या टायरवर बसले. चहा घेतला नाही. इस्पितळातून बोलावणं येतंय पण फिल्म हातात धरवत नाही, म्हणाले. कुणाच्या छातीत काय आहे ते सांगायची आता भीती वाटते. मी पाना पुसत उभा राहिलो.

"तिला धूर दिसत होता," ते म्हणाले. "वास येत होता. तुला तरी काही बोलली का? मला मागे फिरा असं का नाही म्हणाली?"

सांगू नकोस म्हणून ती बजावून गेली होती. तरी मी सांगितलं. दया आली म्हणून सांगितलं की राग आला म्हणून, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. पंपावरच तिला कळलं होतं, म्हटलं. तुम्ही गाडी वळवाल म्हणून गप्प बसली.

मला वाटलं रडतील, नाहीतर भांडतील. तिच्या जिवासाठी वळवली असती, त्यात माझं काय चुकलं असतं, असं म्हणतील. त्यांना म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, मी थांब म्हणून हात केला.

"वळवलीच असती," दाजी म्हणाले. "घरी आणून पुढच्या आठवड्याचं ठरवत बसलो असतो. तिच्याकडे पुढचा आठवडा नव्हता, हे सगळ्यांत आधी मलाच कळलं होतं."